गाडीत सबवूफर बसवताय? आधी तारांकडे लक्ष द्या

नवी गाडी घरी आली, पेढे वाटून झाले की पहिल्याच सहलीत घरातील तरुण मंडळींची कुरकुर सुरू होते, ‘‘गाण्याला दमच नाही!’’ कंपनीने बसवलेला स्टीरिओ दिसायला झकास असतो, पण त्यावर ढोलकी ऐकावी तर पत्र्याचा डबा वाजल्यासारखी वाटते. मग कुणीतरी सुचवते, ‘‘एक सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर टाकून घेऊ.’’ दिल्लीचे करोलबाग असो की बंगळुरूचा जे. सी. रोड, अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात हे काम अर्ध्या दिवसात होते. मात्र त्या अर्ध्या दिवसात काय होते, हे गाडीच्या मालकाला माहीत असायला हवे.

दम का नसतो?

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन सुरू असताना हा दाब १४ व्होल्टच्या आसपास जातो. एवढ्यावर चालणारा साधा स्टीरिओ एका स्पीकरला सलग १५ ते २० वॅटच देऊ शकतो. खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असे छापलेले असले तरी तो क्षणिक उच्चांक असतो. खरा आकडा ‘आरएमएस’ या अक्षरांपुढचा. खरेदी करताना तोच विचारावा.

माणसाच्या कानाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. त्यातील तबल्याचा डग्गा, ढोल, बेस गिटार अशा खालच्या सुरांसाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. दारातील छोट्या स्पीकरला ते झेपत नाही. म्हणून साधारण ८० हर्ट्झच्या खालचे काम सबवूफरकडे सोपवतात.

पण प्रत्येक गाडीला सबवूफर हवाच असे नाही. दाराच्या पत्र्याला आतून आवाज शोषणारे पट्टे चिकटवून, मोकळी भोके बुजवून पुढचे दोन चांगले स्पीकर बसवले तर निम्म्याहून अधिक तक्रारी तिथेच मिटतात. दुकानदार हे आपणहून सांगत नाही, कारण त्यात त्याला फारसे सुटत नाही.

खरा धोका कुठे?

४०० वॅट आरएमएसचा ‘क्लास डी’ अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात चालला तर बॅटरीकडून सुमारे ३५ अँपिअर खेचतो. जुन्या पद्धतीचा ‘क्लास एबी’ असेल तर ५० अँपिअरच्या पुढे. हेडलाइटचे ५५ वॅटचे दोन्ही दिवे मिळून मात्र ८-९ अँपिअर घेतात! म्हणजे बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणारी तार किती जाड हवी, याची कल्पना यावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त तारही मिळते. तेवढ्याच जाडीत ती कमी प्रवाह पेलते आणि लवकर तापते.

या तारेवर फ्यूज हवा आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ, दीड फुटाच्या आत हवा. हा फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसून तारेसाठी असतो. बॉनेटखालून तार आत येते तिथे पत्र्याच्या धारेने तिचे आवरण कापले गेले तर थेट शॉर्टसर्किट होते. फ्यूज डिकीत बसवलेला असेल तर मधली संपूर्ण तार उघड्यावर पडल्यासारखीच! गाडीला आग लागायला एवढे पुरे. म्हणून पत्र्याच्या भोकात रबरी बुश आहे की नाही, हे स्वतः वाकून पाहावे. अर्थिंगची तारही रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बसवलेली असावी.

कंपनीचा स्टीरिओ तसाच ठेवायचा असेल तर स्पीकरच्या तारांवरून ‘हाय लेव्हल इनपुट’ने अ‍ॅम्प्लिफायरला आवाज देता येतो. मूळ तारा कापू देऊ नका, त्या मॉडेलचा तयार कपलर मागा. काटछाट झाली की वॉरंटी नाकारली जाऊ शकते. नंतर बसवलेल्या अशा वस्तूंची किंमत विमा कंपनीला कळवून वेगळा हप्ता भरावा लागतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

सीएनजीच्या गाडीत डिकी सिलिंडरनेच भरलेली असते. तिथे खोका कोंबून व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचेनासा करणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. अशा गाडीत सीटखाली मावणारा, आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला चपटा सबवूफर बरा.

बसवून झाल्यावर ‘गेन’चा स्क्रू कारागीर हमखास पूर्ण फिरवून ठेवतो, कारण गिऱ्हाईक दणदणाटावर खूश होते. गेन म्हणजे आवाज वाढवण्याचे बटण नव्हे. तो फार वाढवला की आवाज फाटतो आणि स्पीकरची कॉइल जळते. स्टीरिओ तीनचतुर्थांश आवाजावर ठेवून सूर स्वच्छ राहील इतपतच गेन ठेवायला सांगावे.

मागच्या सीटवर लहान मूल बसत असेल तर त्या सीटवर बसूनच आवाज ठरवावा. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांत कानाला जितका त्रास देतो, तितका ९४ डेसिबलचा आवाज एकाच तासात देतो. आणि पैसे चुकते करण्यापूर्वी अर्धा तास गाणी लावून फ्यूजच्या घराला व तारेच्या आवरणाला हात लावून पाहावा. चटका बसत असेल तर तार बदलून घेतल्याशिवाय गाडी दुकानातून हलवू नये.