माइक आपल्या गावातही आहे!

‘आवाज झकास आहे तुझा, रेडिओत जा ना!’ गॅदरिंगचं सूत्रसंचालन केलं की हे ऐकायला मिळतंच. आपण हसतो आणि सोडून देतो. रेडिओ म्हटलं की मुंबई-पुणंच डोळ्यांसमोर येतं ना! पण मित्रांनो, बॅग भरण्याआधी जरा आपल्या वऱ्हाडातच बघा.

शिकायचं कुठे?
भारतीय जनसंचार संस्थेचं (आयआयएमसी) केंद्र २०११ पासून अमरावतीत आहे. संस्थेला २०२४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जाही मिळाला. पदविकेसाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते; प्रवेश परीक्षा मात्र द्यावी लागते.

इथं नुसतं बोलून भागत नाही. बातमी लिहिणं, मुलाखत घेणं, ध्वनिमुद्रण, संकलन, सगळं यावं लागतं. लिहायचं तेही कानासाठी. पेपरात ‘उपरोक्त’ चालतं. ऐकणाऱ्याला मात्र ‘वर’ काहीच दिसत नाही!

काम मिळेल का?
खरं सांगायचं तर कायम नोकऱ्या मोजक्याच. अकोल्यात आकाशवाणी केंद्र आहे, खासगी एफएमही आहेत. आकाशवाणी नैमित्तिक उद्घोषक घेते ते लेखी आणि आवाजाची चाचणी घेऊन. पण पैसे मिळतात ते केलेल्या ड्युटीचेच.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत आपलं अचलपूर आणि यवतमाळही आहे. अर्थात, मंजुरी म्हणजे लगेच स्टेशन नव्हे. म्हणून एकाच नोकरीवर डोळा ठेवू नका. संकलन येत असेल तर जाहिराती, पॉडकास्ट, डिजिटल बातम्या अशी कामंही करता येतात.

वऱ्हाडीची लाज कशाला?
‘काहून बे’ तोंडून निघालं की आपण ओशाळतो. बातमीपत्राला प्रमाण मराठी हवीच, ती घोटून घ्या. पण बोंडअळीनं कपाशी गेलेला शेतकरी मोकळा होतो, तो त्याच्याच बोलीत विचारल्यावर. तिथं बाहेरून आलेल्यापेक्षा तुम्ही पुढे असता. दोन्ही भाषा येणं हीच तुमची कमाई.

सुरुवात आजच करा. बाजार समितीत जा, कापसाच्या भावावर एकाला बोलतं करा, त्याच्या परवानगीनं मोबाइलवर पाच मिनिटं रेकॉर्ड करा. मग कापून एक मिनिटाचं करा आणि घरच्यांना ऐकवा. आजीला एका दमात समजलं, तर समजा, पहिली चाचणी पास!