०२४० म्हणजे २४० नव्हे

गारखेडा असो की सिडको, छत्रपती संभाजीनगरच्या लँडलाइनचा एसटीडी कोड एकच, ०२४०. तो सी किंवा जावाच्या प्रोग्राममध्ये इंग्रजी अंकांत, अवतरणचिन्हांशिवाय लिहून छापून पाहा. उत्तर १६० येतं. तरी 'डावीकडच्या शून्याला किंमत नसते' हे शाळेतलं वाक्य प्रोग्रामिंगच्या वर्गातही बिनदिक्कत सांगितलं जातं. गणितात ते खरंच आहे. पण प्रोग्राममधली संख्या आधी त्या भाषेच्या व्याकरणाने वाचली जाते आणि सीच्या व्याकरणात शून्याने सुरू होणारा पूर्णांक अष्टमान असतो: २ गुणिले ६४ अधिक ४ गुणिले ८. पटत नसेल त्याने सीचं अधिकृत मानक उघडावं. दशमान पूर्णांकाचा पहिला अंक शून्य नसावा अशी तिथे अटच आहे. त्या नियमाने नुसतं ० सुद्धा अष्टमान ठरतं. ही प्रथा केन थॉम्पसन यांच्या बी भाषेतून आली. तिच्या जन्माचं यंत्र पीडीपी-७, त्याचा शब्द १८ बिटांचा. तीन-तीन बिटांचे गट पाडले की बरोबर सहा अष्टमान अंक होतात. गैरसमज टिकतो याचं कारणही यातच आहे. ०१ ते ०७ दोन्ही पद्धतींत सारखेच, म्हणून जुलैपर्यंतचे महिने असे लिहून काम निभतं. ०८ आणि ०९ ला कंपायलर अडतो, आणि ०१० मात्र कुठलीही तक्रार न करता ८ होतो. हे शेवटचं सगळ्यांत घातक.

'पायथनमध्ये तर १६० येत नाही' असा आक्षेप असतो. पायथन २ मध्ये येत होतं. २००८ च्या पायथन ३ ने असं लिहिणंच चूक ठरवलं, अष्टमान हवं तर शून्यापुढे ओ लावायचा. 'फॉर्ममध्ये ०२४० भरलं तर २४० मिळतं' हा दुसरा आक्षेप. पायथनपुरता तो बरोबर आहे, पण तिथे मजकुराचं संख्येत रूपांतर होतं, त्याचे नियम वेगळे. शिवाय शून्य हरवतं ते हरवतंच. एसटीडी कोडची बेरीज कोणी करत नाही. तो मजकूर म्हणूनच साठवावा.

बाकीचे गैरसमज छोटे आहेत. लाख लिहिताना स्वल्पविराम चालत नाही, पायथन त्याचे तीन वेगळे आकडे करतो. जावात २०११ पासून आणि पायथनमध्ये २०१६ पासून १_००_००० असा अंडरस्कोअर मात्र चालतो. ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, तो भाषेतला दोष नव्हे; द्विमान पद्धतीत ०.१ नेमका मावत नाही. आणि संगणकाला मराठी अंक कळत नाहीत हेही अर्धंच खरं: पायथनच्या प्रोग्राममध्ये थेट लिहिलेलं २४० चूक ठरतं, पण तेच अवतरणात घालून इंट या फंक्शनला दिलं तर पायथन ते बिनचूक वाचतो.