यंत्राची जबानी

पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, न्हावा-शेवा बंदराच्या उंबरठ्याशी वसलेले जासई हे आमचे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते मुख्यतः प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचे जन्मगाव म्हणून, आणि जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत झालेल्या ज्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, त्याची भूमी म्हणून. पुढे १९८९ साली बंदर सुरू झाले आणि भातखाचरांच्या या मुलखातून कंटेनरांची अखंड वर्दळ वाहू लागली. आज त्याच गावातील तरुण मुले मुंबईच्या डॉ. भडकमकर मार्गावरून, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या लॅमिंग्टन रोडवरून, एकेक सुटा भाग पारखून आणतात आणि खेळांसाठीचा शक्तिमान संगणक घरच्या घरी जोडतात. हा छंद खर्चिक असला तरी मला तो मोलाचा वाटतो. कारण यंत्र उघडून पाहण्याची भीती ज्याच्या मनातून एकदा गेली, तो पुढे कोणत्याही यंत्रासमोर हतबल होत नाही.

परंतु अशा संगणकाची खरी परीक्षा तो सुरू होतो त्या दिवशी होत नाही. ऐन खेळात तो अकस्मात बंद पडू लागतो, त्या दिवशी होते. तयार संगणकाच्या मागे एकच कंपनी जामीन उभी असते. येथे मात्र मदरबोर्ड एकाचा, प्रोसेसर दुसऱ्याचा, रॅम तिसऱ्याची, आणि प्रत्येकाच्या वॉरंटीचा कागद निराळा, त्यामुळे दोष कोणाचा हे ठरविण्याची जबाबदारी मालकावरच येऊन पडते. या शोधात एक तत्त्व सदैव ध्यानी ठेवावे : यंत्र पडद्यावर जे सांगते ती त्याची जबानी असते, निवाडा नव्हे.

प्रथम यंत्र कोणत्या रीतीने बंद पडते हे शांतपणे न्याहाळावे. दिवा गेल्यासारखा क्षणात अंधार झाला, तर संशय विद्युत्पुरवठ्यावर अथवा उष्णतेवर जातो. निळा पडदा आला, तर विंडोजला काही गैर घडल्याचे कळण्याइतका अवधी मिळाला होता, असे समजावे. खेळ तेवढा मिटून डेस्कटॉप दिसू लागला, तर दोष खेळाच्या प्रणालीत असू शकतो, रॅममध्ये असू शकतो, प्रोसेसरमध्येही असू शकतो. चित्र गोठून पडदा काळा झाला आणि पुन्हा उजळला, तर ग्राफिक्स कार्डाने ठरलेल्या मुदतीत, जी विंडोजमध्ये सामान्यतः दोन सेकंदांची असते, उत्तर दिले नाही म्हणून त्याचा ड्रायव्हर नव्याने सुरू करण्यात आला, असा त्याचा अर्थ होतो.

विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नामक दप्तरात या घटनांची नोंद राहते. तेथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून पुष्कळ जण पॉवर सप्लायच सदोष असल्याचे धरून चालतात; वस्तुतः ती नोंद इतकेच सांगते, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. ‘व्हीआ-लॉगर’ची नोंद मात्र गांभीर्याने घ्यावी, कारण तिच्यामागे स्वतः हार्डवेअरनेच केलेली तक्रार असते.

आमच्या भागात चौकशीचा आरंभ भिंतीवरील सॉकेटपासून करणे श्रेयस्कर. आपली वीज २३० व्होल्टांची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची. म्हणजे एका आवर्तनास २० मिलिसेकंद लागतात. संगणकाचा एसएमपीएस, म्हणजेच त्याचा पॉवर सप्लाय, पूर्ण भारावर असताना वीज तुटली, तर आपल्या साठ्यावर तो यंत्राला सुमारे १६ मिलिसेकंदच तारून नेतो, अशी त्याची प्रमाणित रचना असते. घरातील दिव्याची पापणी लवावी एवढ्या खंडानेही संगणक का कोसळतो, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. आणि पावसाळ्यात पुरेशा क्षमतेचा यूपीएस ही चैन का नव्हे, तेही यातूनच उमगते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लागताच बारीक मुंग्या आल्या, तर अर्थिंग नाही असे जवळजवळ खात्रीने समजावे : एसएमपीएसच्या आतील गाळणीतून निघणाऱ्या सूक्ष्म प्रवाहाला जमिनीची वाट न मिळाल्यामुळे तो कॅबिनेटवर येऊन उभा राहतो. अशा घरी संगणकाआधी वायरमनला बोलावणे उचित.

शेजारच्या एका मुलाच्या संगणकाचे उदाहरण येथे तपशिलाने सांगण्याजोगे आहे. साधी कामे दिवसभर निर्वेध चालत. पण मोठा खेळ लावला, की थोड्याच वेळात अंधार. मित्रमंडळींनी एकमुखाने ग्राफिक्स कार्डाला दोषी ठरविले होते, आणि ते विकण्याची बोलणीही चालू होती. कॅबिनेटची बाजू उघडली तेव्हा दिसले, की कार्डाला आठ पिनांचे दोन सॉकेट असून दोन्हींना एकाच केबलची दोन तोंडे जोडलेली आहेत. अशा प्रत्येक सॉकेटमधून १५० वॅटपर्यंत आणि मदरबोर्डाच्या स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत शक्ती घेण्याची प्रमाणित मुभा आहे. परंतु कार्डाची मागणी क्षणार्धात याहूनही उंच उसळते, आणि तो सारा भार एकाच केबलवर व तिच्या एसएमपीएसकडील एकाच जोडावर पडत होता. त्या टोकाच्या एका पिनेभोवतीचे प्लॅस्टिक किंचित पिवळसर पडले होते. एसएमपीएसच्या खोक्यात त्याचीच दुसरी केबल न वापरलेली पडून होती. दोन सॉकेटांना दोन स्वतंत्र केबली, दोन्ही एसएमपीएसवरील शाबूत जोडांवर, अशी मांडणी करताच बंद पडणे थांबले. मल्टिमीटरने मोजणी केली असती, तर १२ व्होल्टांची वाहिनी ११.४ ते १२.६ या रूढ मर्यादेत बसलेलीच दिसली असती. कारण साधा मल्टिमीटर सरासरी दाखवितो, क्षणिक घसरण त्याच्या दृष्टीस पडत नाही.

विजेमागोमाग उष्णतेची पाळी. आजचे प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आपली गती आपणच कमी करतात आणि त्यापुढे गेल्यास यंत्र बंद करून स्वतःचे रक्षण करतात. खाडीवरचा खारा, दमट वारा आणि ट्रेलरांनी उडविलेली धूळ यांचा जो थर पंख्यावर व हीटसिंकच्या पात्यांत बसतो, तो वरवर पुसून जात नाही. पंखा बोटाने धरून ठेवून ब्लोअरने तो बाहेर काढावा लागतो. हीच दमट हवा रॅमच्या संपर्कपट्टीवर मळ चढविते; रॅम काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसून पुन्हा घट्ट बसविण्याचा आपल्याकडील दुरुस्तीवाल्यांचा जुना उपाय आजही पुष्कळदा गुण देतो.

रॅमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जाणून असावी. खोक्यावर ६००० असा वेग छापलेली डीडीआर-५ रॅम मुळात बहुधा ४८०० च्या वेगाने चालते, आणि छापील वेग बायॉसमधील ‘एक्सएमपी’ अथवा ‘एक्स्पो’ हे प्रोफाइल सुरू केल्यावरच मिळतो. तो वेग प्रत्येक मदरबोर्ड व प्रोसेसर सहन करीलच, असा कोणाचा करार नसतो. म्हणून प्रोफाइल बंद करून पाहावे, आणि त्यानंतर मेमटेस्ट-८६ ही चाचणी रात्रभर लावावी. तीत निघालेली एक चूकही क्षम्य मानू नये. स्मृतीतील चूक किती अकल्पित जागी उगम पावते, याचा दाखला १९७८ साली इंटेलच्या टिमोथी मे आणि मरी वुड्स यांनी दिला : चिपच्या आवरणातील युरेनियम-थोरियमच्या लेशमात्र अंशातून निघणारे अल्फा कण साठविलेला एखादा अंक पालटून टाकीत होते.

जबानी आणि निवाडा यांतील अंतर सर्वांत स्पष्टपणे दिसले ते २०२४ साली. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील शक्तिमान प्रोसेसर वापरणाऱ्या अनेकांना खेळ सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी अपुरी आहे’ अशा आशयाचा संदेश येऊ लागला. ग्राफिक्स कार्डावर भरपूर मेमरी मोकळी असताना असा संदेश यावा, याचे सर्वांना नवल वाटे. कित्येकांनी कार्डे बदलली, पण गुण आला नाही. खरा प्रकार असा होता, की दाबून साठविलेली माहिती उलगडताना प्रोसेसरच चुकत होता, आणि त्या चुकीचा आळ कार्डावर येत होता. प्रोसेसरकडून प्रमाणाबाहेर व्होल्टेजची मागणी होत असल्याचे इंटेलने जुलैमध्ये मान्य केले, ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती दिली, सप्टेंबरमध्ये आणखी एक दिली आणि वॉरंटीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. ही दुरुस्ती नव्या हानीला आळा घालते. झालेली झीज भरून काढीत नाही. सबब, असा प्रोसेसर असणाऱ्याने बायॉस अद्ययावत करून ती दुरुस्ती घ्यावी, आणि तरीही त्रास राहिल्यास वॉरंटीचा हक्क बजावावा.

या सर्व खटाटोपात शिस्त एकच : एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत उतरवावा. तारीख, कोणता खेळ, किती वेळाने बंद पडला, त्या वेळचे तापमान आणि नंतर केलेला बदल, एवढे रकाने पुरेत. जो घाईने रॅम, केबल आणि ड्रायव्हर एकाच सायंकाळी बदलतो, त्याचा संगणक कदाचित सुरळीत होईल. परंतु कशामुळे झाला हे त्याला कधीच कळणार नाही, आणि दोष परतला की त्याला सारे पहिल्यापासून करावे लागेल. शक्य असल्यास मित्राकडून एखादा चालू भाग तासाभरासाठी मागून आणून अदलाबदल करून पाहावी. याहून सरळ पुरावा नाही.

अशी वही घेऊन दुकानदाराच्या काउंटरसमोर उभा राहिलेला मुलगा ‘खराब आहे, बदलून द्या’ एवढीच विनवणी करीत नाही. कोणता भाग, कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या चाचणीत चुकला, हे तो नोंदींसह मांडतो, आणि त्याचे म्हणणे सहसा टाळता येत नाही. आपल्या मागणीमागे पुरावा उभा करण्याची ही सवय, खेळाच्या निमित्ताने का होईना, आमच्या मुलांच्या अंगी बाणत असेल, तर आईबापांनी त्या उघड्या कॅबिनेटकडे कौतुकानेच पाहावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.