कटिशूल : शस्त्रकर्माची वेळ ओळखताना

आषाढात आवणी सुरू झाली की शहापूर व मुरबाड तालुक्यांतील चिकित्सालयांत कटिशूलाचे रुग्ण वाढतात. दिवसभर वाकून राबातील रोपे उपटणे व चिखलात लावणे, त्यापूर्वी उन्हाळाभर डोक्यावरून हंडे वाहणे, वीटभट्टीवर भार उचलणे. हेतू शोधण्यासाठी ग्रंथ उघडावा लागत नाही. (भातसा आणि तानसा ज्या तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, ही गोष्ट निदानपंचकात कोठे नोंदवावी, हे मला अद्याप उमगलेले नाही.)

यांपैकी बहुसंख्य रुग्ण स्नेहन, स्वेदन, बस्ती व विश्रांती यांनी बरे होतात, हे आपण जाणतो. प्रस्तुत लेख उरलेल्या थोड्यांविषयी आहे. त्यांतील एका रुग्णेबाबत माझ्या हातून चूक झाली, ती प्रथम सांगतो.

टोकावड्यापलीकडील एका पाड्यावरील पस्तिशीची स्त्री गृध्रसीसाठी माझ्याकडे होती. वेदना डाव्या स्फिक् प्रदेशातून पायाच्या अंगठ्यापर्यंत जात असे. बस्तीक्रमाच्या पाचव्या दिवशी तिने सांगितले की, आता उजवाही पाय दुखतो, बसायची जागा बधिर वाटते आणि कालपासून लघवी नीट होत नाही. मी अपानवैगुण्य मानून गोक्षुरादि गुग्गुळ दिला. दुसऱ्या दिवशी अनुवासन दिले, तर तेल तत्काळ बाहेर आले. नेत्र आत गेल्याचे तिला कळलेही नव्हते. मुंबईच्या रुग्णालयात शस्त्रकर्म झाले तेव्हा लघवी तुंबल्याचा चौथा दिवस होता. पायाची वेदना गेली, पण मूत्राशयावरील ताबा परत आला नाही. आजही तिला नळी घालून मूत्राशय रिकामे करावे लागते.

या अवस्थेस आधुनिक शास्त्रात कॉडा इक्विना सिंड्रोम म्हणतात. कटिप्रदेशातील चकती मध्यभागी निसटून खालील नाड्यांच्या जुडग्यावर दाब पडतो. येथे 48 तासांची मर्यादा वारंवार सांगितली जाते, पण ती सवलत समजू नये. मूत्राशय पूर्ण तुंबण्यापूर्वी दाब निघाल्यास फळ अधिक चांगले मिळते. भरलेले मूत्राशय पुढे थेंब थेंब गळू लागते आणि रुग्ण ‘लघवी होते’ असे सांगतो, म्हणून ओटीपोट हाताने पाहावे. बस्ती देणाऱ्या वैद्यास तर येथे इतरांस नसलेली संधी रोज मिळते. गुदाची पकड सैल लागली, नेत्राचा स्पर्श कळला नाही किंवा स्नेह धरवला नाही, तर तो केवळ बस्तिव्यापद् आहे असे गृहीत धरू नये. गुदाभोवतीची संवेदना त्याच वेळी तपासावी.

दुसरी अवस्था पायाचे बळ घटण्याची. रुग्णास टाचांवर व चवड्यांवर चालावयास सांगावे. ‘चालताना चप्पल पायातून निसटते’ हे वाक्य ऐकल्यास वेदना कमी झाली म्हणून समाधान मानू नये. बळ दिवसागणिक घटत असेल तर शल्यविदाचे मत त्वरित घ्यावे. ज्वर, क्षीणता व रात्रीची वेदना असल्यास मणक्याचा क्षय किंवा अर्बुद शोधावे. तेथे कटिबस्तीने केवळ काळ जातो.

ही लक्षणे नसताना केवळ एम.आर.आय.च्या अहवालावरून शस्त्रकर्माची घाईही करू नये. 1994 साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या 98 व्यक्तींची ही तपासणी झाली, तेव्हा 52 टक्के व्यक्तींत किमान एक चकती फुगलेली आढळली. 2007 साली नेदरलँड्समधील 283 गृध्रसी रुग्णांच्या अभ्यासात त्वरित शस्त्रकर्म आणि प्रतीक्षा या दोन्ही गटांत वर्षाअखेर 95 टक्के रुग्ण बरे वाटत असल्याचे सांगत होते. प्रतीक्षा गटातील 39 टक्क्यांना पुढे शस्त्रकर्म करावे लागले खरे, आणि त्वरित शस्त्रकर्माने आराम लवकर मिळाला. ज्याची वर्षाची कमाई आवणी व वीटभट्टीच्या हंगामावर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने हे ‘लवकर’ महत्त्वाचे असू शकते. सहा ते आठ आठवड्यांच्या नीट केलेल्या चिकित्सेनंतरही असह्य वेदना राहिली व अहवाल लक्षणांशी जुळला, तर हा पर्याय रुग्णासमोर मोकळेपणाने मांडावा. त्यात आपल्या शास्त्राचा कमीपणा मानण्याचे कारण नाही. गुल्म पक्व झाल्यावर प्रत्यक्ष चरकाचार्यांनी तो धान्वंतर संप्रदायाच्या शल्यविदांच्या हाती सोपविला आहे.

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. महारास्नादि काढा किंवा योगराज गुग्गुळ पुन्हा पुन्हा नेणाऱ्यास लघवी, बधिरता आणि पायाचे बळ यांविषयी विचारावे. शंका आल्यास त्या दिवशी बाटली न देता वैद्याकडे पाठवावे.

आणि रुग्ण पाठविताना 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावण्याबरोबरच, जेथे पाठवितो तेथे एम.आर.आय. व मणक्याचे शल्यविद आहेत का, हे दूरध्वनीवर विचारून घ्यावे; अन्यथा कल्याणपर्यंत जाऊन पुन्हा पुढे जाण्यात रात्र जाते. चिठ्ठीवर केवळ ‘कटिशूल’ न लिहिता शेवटची मोकळी लघवी केव्हा झाली, ती वेळ तासासह लिहावी.