काळ्या दगडातली दिशा

बेंबळीच्या शिवारातली काळी माती ज्या दगडाच्या झिजेतून आली, तो बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. नुसत्या डोळ्यांना तो एकरंगी दिसतो. पण त्याचा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप ध्रुवण सूक्ष्मदर्शकात, एकमेकांशी काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवकांमध्ये ठेवला, की रंगाचा थेंबही न घालता प्लॅजिओक्लेजच्या करड्या-पांढऱ्या कांड्या आणि पायरोक्सीनचे पिवळे-निळे कण उजळतात. गोठताना स्फटिक न बनलेली काच काळी राहते. बेंबळीच्या पूर्वेला किल्लारीत, 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर, 617 मीटर खोल विंधन झालं. बेसाल्ट 338 मीटरवर संपला आणि खाली फार जुना खडक लागला. असा खडक किती दाबातून, किती उष्णतेतून गेला, हे अशाच कापातल्या खनिजांवरून ठरवतात.

ध्रुवण सूक्ष्मदर्शकाचं खरं मोल मला रंगांपेक्षा दिशेत वाटतं. स्फटिक कोणत्या बाजूला कलला आहे यावर त्यात दुभंगलेल्या प्रकाशाचे दोन घटक किती मागेपुढे होतात ते ठरतं. म्हणून सपाट कापातही तिसरी मिती दडलेली असते. ती काढायला रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेदोरोव यांनी 1890 च्या दशकात अनेक अक्षांवर फिरणारं आसन रचलं. तिरक्या कापातून बाहेर पडताना प्रकाश हवेत वाकतो आणि कल खऱ्याहून वेगळा भासतो. म्हणून त्यांनी काप काचेच्या दोन अर्धगोलांमध्ये धरला. ही युक्ती मला अजोड वाटते. आज नमुना कलवण्याऐवजी प्रकाशच निरनिराळ्या कोनांतून सोडतात आणि बाकीचं गणितावर सोपवतात. सॅन फ्रान्सिस्कोत संशोधक शालिन मेहता आणि सहकाऱ्यांनी असंच तंत्र न रंगवलेल्या पेशींसाठी उभं केलं.

कोणी म्हणेल, रंग देणं सोपं नाही का? पोटॅशयुक्त फेल्स्पार रंगवून ओळखता येतो, हे खरं. पण रंग फक्त नाव सांगतो. कांड्या लाव्ह्याच्या ओघाला धरून आडव्या झाल्या का, हे त्यातून कळत नाही. उलट, ध्रुवित प्रकाशाला पेशीतली रचना दिसते, पण ती कोणत्या प्रथिनाची आहे हे तो सांगू शकत नाही. ही उणीव मोठी आहे. शिवाय सरळ वरून आलेल्या प्रकाशाला पुढचा कल आणि मागचा कल सारखाच दिसतो. एकाखाली एक आडवे-उभे थर आले तर एकाचा परिणाम दुसरा पुसून टाकतो. जाड ऊतीत प्रकाश इतक्यांदा विखुरतो की गणिताचं गृहीतच कोसळतं. बेसाल्टातले मॅग्नेटाइटचे कण तर प्रकाश मुळीच आरपार जाऊ देत नाहीत. त्यामुळे बेंबळीचा दगड अजूनही घासून पातळच करावा लागतो. घासताना स्फटिकाचा जो भाग गेला, त्याची दिशा उरलेल्या तुकड्यावरून कळते, आकार कळत नाही.