डोकं दुखतंय ना? मग आधी रक्तदाब बघा!

आठवा महिना चालू आहे. सकाळपासून डोकं ठणकतंय. डोळ्यांपुढे मधूनच काजवे चमकतात. हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या आहेत. सासूबाई म्हणतात, "अगं, उष्णता झाली असेल, सब्जाचं पाणी घे." शेजारच्या काकू म्हणतात, "आमचेही पाय सुजायचे, बाळंत झाल्यावर आपोआप उतरले." आणि आपली गर्भारशी बिचारी कपाळाला बाम चोळून पडून राहते.

भगिनींनो, हे चित्र कुठल्याही घरातलं असू शकेल. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातलं, टागोर नगरातलं, नाहीतर पश्चिमेच्या पार्कसाइटमधलं. सासूबाईंची माया खोटी नाही. पुष्कळदा त्यांचं म्हणणं खरंही ठरतं, कारण गरोदरपणात संध्याकाळी पाय थोडे सुजतातच. पण हात आणि चेहरा सुजला, डोकं थांबेना, दिसायला अंधुक झालं, बरगडीखाली पोटात कळ आली, तर तो घरगुती उपायाचा विषय राहत नाही. तो रक्तदाब मोजण्याचा विषय होतो.

हा आजार आहे तरी काय?

पाच महिने उलटल्यानंतर काही स्त्रियांचा रक्तदाब चढू लागतो. लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. डॉक्टर याला 'प्रीएक्लॅम्प्सिया' म्हणतात. आपल्या आयांच्या पिढीला 'टॉक्सिमिया' हा शब्द ठाऊक असेल, तोच हा आजार. याचं मूळ वारेत असतं. वारेला रक्त पुरवणाऱ्या शिरा पुरेशा रुंद झाल्या नाहीत, की त्याचा परिणाम आईच्या साऱ्या शरीरावर होतो. मूत्रपिंड, यकृत, मेंदू, सगळ्यांना त्रास पोचतो आणि बाळाची वाढही खुंटते.

रक्तदाब 140/90 किंवा त्याहून वर गेला तर सावध व्हायचं. 160/110 पर्यंत पोचला तर धोक्याची घंटा. पुढची पायरी म्हणजे झटके, ज्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. पूर्वी अशी आकडी आली की कांदा हुंगवत, चप्पल नाकाशी धरत, बाहेरची बाधा म्हणत. त्यात जो वेळ जाई, तोच कित्येकींच्या जिवावर बेतला. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. सुरुवातीला हा आजार काहीच जाणवू न देता वाढतो. बाईला अगदी ठणठणीत वाटत असतं आणि यंत्रावर आकडा चढलेला असतो. म्हणून प्रत्येक तपासणीत रक्तदाब आणि लघवी, दोन्ही बघायलाच हवं.

डॉक्टर येईपर्यंत कोण?

आता मुख्य मुद्दा. झटका काही डॉक्टरांची वेळ बघून येत नाही. रात्री दोन वाजता प्रसूतिगृहात जागी असते ती सिस्टर. विक्रोळीहून घाटकोपरचं राजावाडी किंवा पुढे शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय नकाशावर फार लांब नाही. पण संध्याकाळच्या गर्दीत द्रुतगती महामार्गावर गाडी कशी रखडते, ते तुम्हाला मी काय सांगू? तेवढ्या वेळात दुसरा झटका आला तर? म्हणूनच आता शिकवतात ते हे: आधी पहिला डोस, मग गाडी.

हा डोस असतो मॅग्नेशियम सल्फेटचा. औषध जुनं आणि स्वस्त. 2002 साली 'मॅगपाय' नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 33 देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांचा त्यात समावेश होता. या इंजेक्शनाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे त्यातून सिद्ध झालं. आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे बरं का! सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई यांनी भारतीय स्त्रियांच्या अंगकाठीला सोसेल अशी कमी मात्रेची पद्धत वापरली आणि 2003 मध्ये ती सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली.

औषध असूनही पूर्वी ते द्यायला सिस्टर बिचकत. मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो, ही भीती. भीती अगदी अनाठायी नव्हती, पण तिच्यावर उपाय होता तो शिकवण्याचा. केंद्र सरकारच्या 2010 च्या सूचनांनी नर्स आणि एएनएम यांना हा पहिला डोस देऊन रुग्ण पुढे पाठवण्याची मुभा दिली. 2015 साली 'दक्षता' हा प्रसूतिकक्षातल्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रम आला. खाजगी प्रसूतिगृहांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फॉग्सी' या संघटनेचा 'मान्यता' हा उपक्रम आहे. त्यातल्या 16 निकषांत या आजाराची ओळख आणि उपचारही येतात.

सिस्टर शिकतात ते काय?

पहिला धडा अगदी साधा: रक्तदाब नीट मोजणं! बाईला पाच मिनिटं शांत बसवायचं, लघवीला जाऊन यायला सांगायचं, दंडावरची घट्ट बाही सोडवायची, हात हृदयाच्या उंचीवर टेकवायचा, मोजताना बोलायचं नाही. धावतपळत आलेल्या बाईचा घाईघाईने घेतलेला आकडा फसवतो.

दुसरा धडा झटक्याचा. तो पुतळ्यावर नाहीतर एकमेकींवर पुनःपुन्हा गिरवतात. एकीने मदतीला हाक मारायची, दुसरीने बाईला डाव्या कुशीवर वळवायचं, तिसरीने औषधांचा ट्रे आणायचा. तोंडात चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पहिला डोस 10 ग्रॅमचा, म्हणजे एकेक ग्रॅमच्या तब्बल दहा कुप्या फोडायच्या आणि दोन्ही कुल्ल्यांत निम्मी निम्मी सुई द्यायची. ऐन घाईत कुप्या मोजताना हात थरथरतो, म्हणून सारं साहित्य एकाच डब्यात तयार ठेवायला शिकवतात. "ताई, अंग गरम वाटेल, घाबरू नका," हेही आधी सांगायला शिकवतात.

तिसरा धडा पहाऱ्याचा. पुढचा डोस देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: श्वास मिनिटाला 16 पेक्षा कमी नाही ना, गुडघ्यावर टिचकी मारल्यावर पाय उडतो ना, आणि लघवी तासाला निदान 30 मिलिलिटर होते ना. काही बिघडलंच तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवायचं. हे एकदा हातात बसलं की भीती जाते. आणि शेवटी, कोणतं औषध किती वाजता दिलं, ते चिठ्ठीवर लिहूनच रुग्ण पुढे धाडायचा.

माहेरी जाताना

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात डोहाळजेवण आटपून लेक साताऱ्याला, रत्नागिरीला निघते आणि नेमका तेव्हाच रक्तदाब चढायला लागतो. तपासणीचं कार्ड मात्र विक्रोळीच्या कपाटात! तिकडच्या सिस्टरला आधीचा आकडाच ठाऊक नसतो, मग वाढ कळायची कशी? तेव्हा ओटीच्या नारळाआधी पिशवीत कार्ड टाका, आणि पोचल्यावर आठवड्याच्या आत तिथे तपासणी करून घ्या.

बाळंत झाली म्हणजे सुटली, असंही समजू नका. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. पहिले दोन दिवस विशेष जपायचे, पण सहा आठवडे लक्ष ठेवायचं. बाळंतिणीचं डोकं दुखलं की 'बाळंतवात' म्हणून शेकत बसू नका.

एवढं तरी करा

• तपासणीत विचारा, "सिस्टर, माझा आकडा किती?" आणि तो लिहून घ्या. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते.

• पहिलं बाळंतपण, जुळं, पस्तिशीपुढचं वय, मधुमेह, किंवा आधी स्वतःला, आईला, बहिणीला हा त्रास, यातलं काही असेल तर पहिल्या भेटीतच सांगा. काहींना डॉक्टर सुरुवातीपासून अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी देतात. आपल्या मनाने मात्र घेऊ नका.

• सरकारी केंद्रात मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका. मीठ सोडल्याने हा आजार बरा होत नाही.

• बाळाची हालचाल कमी वाटली किंवा लघवी कमी झाली, तर सकाळची वाट न बघता निघा. 108 ला फोन करा.

• नाव नोंदवताना प्रसूतिगृहात एक प्रश्न जरूर विचारा: "रात्री झटका आला तर पहिलं इंजेक्शन इथे देतात का?"

हा प्रश्न विचारायला लाजू नका. ज्या सिस्टरने ते शिकून घेतलं आहे, तिला तुमच्या प्रश्नाचा राग येणार नाही. उलट ती डबा उघडून दाखवील. आणि तुमच्या घरात आज कुणी गर्भारशी असेल, तर हे पान तिच्याआधी तिच्या सासूबाईंना वाचून दाखवा. रात्री रिक्षा बोलवायची की सब्जा भिजत घालायचा, हे बहुतेक घरांत त्याच ठरवतात, नाही का?