पायऱ्या मोजा, वय कळेल

पावसाळ्यात कुंपणाच्या भिंतीवर चढणाऱ्या हिरव्या मखमलीला आपण शेवाळ म्हणतो आणि तळ्यातल्या निसरड्या तवंगालाही शेवाळच. वनस्पतिशास्त्राला हे मान्य नाही. भिंतीवरचं ते मॉस. याच मॉसच्या गणगोतात नेच्याचं सोंग घेणारा एक बहुरूपी आहे. त्याचं नाव हायलोकोमियम स्प्लेंडेन्स. स्वीडन-फिनलंडपासून अलास्कापर्यंत, सूचिपर्णी झाडांच्या ओल्या सावलीत त्याच्या गाद्या पसरलेल्या असतात.

लालसर देठ, त्याला दोन्हीकडे फांद्या, फांद्यांना पुन्हा बारीक फांद्या. लांबून पाहावं तर नेच्याचं पानच. पण ते पान नव्हेच, तो अख्खा कोंब. खरी पानं मिलिमीटरांत मोजायची, आणि जाडी जेमतेम एका पेशीची. नेच्याला पाणी वर चढवणाऱ्या नलिका असतात, याला नाहीत. जमिनीतून पाणी ओढणारी मुळंही नाहीत.

याची खरी गंमत वाढीत आहे. दर वर्षी जुन्या कोंबाच्या पाठीतून नवा कोंब फुटतो, कमानीसारखा वाकतो आणि वर नवा मजला चढतो. झाडाचं वय मोजायला खोडाच्या आत डोकवावं लागतं. इथे नुसत्या पायऱ्या मोजायच्या. खालच्या पायऱ्या तपकिरी होऊन कुजत जातात, तेवढी वर्षं मात्र हिशेबातून गळतात.

मुळं नसल्याने हे मॉस पाऊस, धुकं, धूळ यांवरच जगतं आणि हवेतलं शिसं, कॅडमियमही अंगात साठवतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमधल्या संशोधकांनी हे हेरलं. १९९०पासून युरोपातले अनेक देश दर पाच वर्षांनी मॉस गोळा करून हवेतल्या धातूंचा माग घेतात. शिसेयुक्त पेट्रोल बंद होत गेलं तसं मॉसमधलं शिसंही उतरलं. अलास्कात रेड डॉग खाणीतलं जस्त-शिशाचं खनिज ट्रकने बंदरावर नेतात. तो रस्ता केप क्रुझेनस्टर्नच्या राखीव प्रदेशातून जातो. २००१मध्ये तिथलं हेच मॉस तपासलं, तर रस्त्याकडेला शिसं भरपूर आणि दूर जावं तसं कमी. ट्रकमधून काय उडतंय ते मॉसने सांगितलं!

नमुने घ्यायची शिस्त कडक. हमरस्त्यापासून दूर जायचं, हातमोजे घालायचे, वरच्या दोन-तीन वर्षांच्या पायऱ्याच खुडायच्या, त्या धुवायच्या नाहीत. आणि काम चालू असताना सिगारेट ओढायला सक्त बंदी. तिच्या धुरात कॅडमियम असतं!